दुसऱ्या देशाच्या सरकारनं काढून घेतलं, तर आपल्या कोर्टानं काय करायचं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, निवांत वेळ असेल तेव्हाच वाचा. विषय परदेशातला आहे, पण मुळात तो दोनच गोष्टींचा आहे. मोबदला आणि हद्द. धरणात किंवा हायवेत जमीन गेलेल्या माणसाला मोबदला म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आणि "ही आमची हद्द नाही, पलीकडच्या ठाण्यात जा" हे ज्यानं ऐकलंय, त्याला हद्द म्हणजे काय तेही सांगावं लागत नाही.

प्रश्न असा आहे. एका देशाच्या सरकारनं आपल्या हद्दीतली परदेशी माणसाची गिरणी, मळा, दुकान किंवा तेलाची विहीर काढून घेतली. मोबदला दिला नाही, किंवा नुसता कागदावर दिला. पुढं त्यातला काही माल फिरत फिरत दुसऱ्या देशात पोचला. मूळ मालक तिथल्या कोर्टात गेला आणि म्हणाला, "साहेब, हा माल माझा आहे." आता त्या कोर्टानं काय करायचं? दुसऱ्या सरकारनं स्वतःच्या भूमीवर केलेलं काम बेकायदा ठरवायचं, की "तो त्यांचा कारभार" म्हणून बाजूला व्हायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोर्टानं साधारणपणे बाजूला व्हावं. पण कोर्ट बाजूला झालं की त्या मालकाचं वकीलपत्र त्याच्या सरकारनं घेतलं पाहिजे. ही दुसरी अट पाळली नाही, तर पहिलं तत्त्व म्हणजे निव्वळ अन्याय आहे. असं का म्हणतो, ते एका साखरेच्या खेपेवरून सांगतो.

साखर, जहाज आणि दोन दावेदार

साल १९६०, देश क्युबा. फिडेल कॅस्ट्रोंची सत्ता येऊन दीड वर्ष झालेलं. क्युबाची साखर अमेरिका ठरलेल्या कोट्यानं विकत घ्यायची आणि देशाचा सगळा संसार त्या कोट्यावर चालायचा. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. एकाच गिऱ्हाइकावर सगळा हंगाम असला की काय होतं, ते आपण जाणतो.

६ जुलै १९६० ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या वर्षीचा क्युबाचा कोटा ७ लाख टनांनी कापला. क्युबानं त्याच दिवशी कायदा क्रमांक ८५१ केला. अमेरिकनांचा हितसंबंध असलेली मालमत्ता सरकारजमा करायचा अधिकार त्यानं सरकारला दिला. ठीक एक महिन्यानं, ६ ऑगस्टला, २६ कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं. त्यात एक साखर कंपनी होती, सी. ए. व्ही. या नावानं ओळखली जाणारी. नोंदणी क्युबातली, पण भागधारक बहुतेक अमेरिकेतले.

त्या वेळी हॉर्नफेल्स नावाच्या जहाजात याच कंपनीची साखर भरली जात होती. माल मोरोक्कोला जायचा होता आणि पैसे न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते. खरेदीदार होता फार-व्हिटलॉक नावाचा अमेरिकन दलाल. आता जहाज सोडायला क्युबा सरकारची परवानगी लागणार होती. तेव्हा दलालानं काय केलं? ११ ऑगस्टला क्युबाच्या सरकारी बँकेशी तसाच्या तसा नवा करार केला. दुसऱ्या दिवशी जहाज निघालं.

न्यूयॉर्कमध्ये क्युबाच्या वतीनं कागदपत्रं आणि १ लाख ७५ हजार २५० डॉलरची हुंडी पुढं आली. दलालानं कागदपत्रं घेतली, साखरेचे पैसे वसूल केले, पण क्युबाला दिले नाहीत. कारण जुन्या कंपनीनं त्याला सांगितलं होतं, "साखर आमची, पैसे आमचे, काही झालंच तर भरपाई आम्ही देऊ." कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या मालमत्तेवर तिथल्या कोर्टानं सॅबाटिनो नावाचे रिसीव्हर नेमले होते. पुढं ती रक्कम त्यांच्याकडं गेली. क्युबाच्या राष्ट्रीय बँकेनं दावा लावला आणि खटल्याला सॅबाटिनोंचं नाव चिकटलं. कायद्याचे विद्यार्थी आजही तो 'सॅबाटिनो केस' म्हणून शिकतात.

आता मोबदल्याचं बघा. क्युबाच्या कायद्यात मोबदल्याची सोय होती. कशी? निदान ३० वर्षांचे रोखे, २ टक्के व्याज. आणि त्यासाठी पैसा कुठून येणार? अमेरिकेनं वर्षाला ३० लाख टनांच्या वर साखर घेतली, तीही पौंडाला किमान ५.७५ सेंट भावानं, तर त्या वरच्या विक्रीच्या परकीय चलनातला २५ टक्के भाग त्यासाठी ठेवायचा. आधीच्या दहा वर्षांत सरासरी भाव एवढा कधी गेलाच नव्हता, आणि कोटा तर नुकताच कापलेला. म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

खालच्या कोर्टानं आणि अपिलाच्या कोर्टानं क्युबाच्या विरोधात निकाल दिला. कारवाई सूडाची आहे, फक्त अमेरिकनांवर रोख धरून केली आहे, आणि मोबदला नाही, म्हणून ती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं.

मग २३ मार्च १९६४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं हा निकाल फिरवला. आठ विरुद्ध एक. निकाल क्युबाच्या बाजूनं! तारखा लक्षात घ्या. क्युबाशी राजनैतिक संबंध १९६१ लाच तुटले होते आणि क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर गेलेलं १९६२ साल ताजं होतं. अशा वेळी अमेरिकेचं कोर्ट शत्रू देशाच्या बँकेच्या बाजूनं निकाल देतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, खालचा निकाल फिरवा असं खुद्द अमेरिका सरकारच्या वकिलांनीच कोर्टात मांडलं होतं.

कोर्ट असं का म्हणालं?

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिला. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा. मान्यता असलेल्या परकीय सरकारनं स्वतःच्या हद्दीत मालमत्ता ताब्यात घेतली, आणि त्याबद्दल दोन देशांत स्पष्ट करार नाही, तर ती कारवाई वैध की अवैध हे आमची कोर्टं तपासणार नाहीत. मालकानं मोबदला नाही म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याकडं बोट दाखवलं, तरी नाही. याला 'अ‍ॅक्ट ऑफ स्टेट' तत्त्व म्हणतात. अमेरिकेत ते १८९७ पासून पक्कं होतं. तेव्हा व्हेनेझुएलात अडकवून ठेवलेल्या अंडरहिल नावाच्या एका अमेरिकनाचा, तिथल्या सेनानीविरुद्धचा दावा कोर्टानं याच कारणानं नाकारला होता.

हार्लन यांची कारणं मला महत्त्वाची वाटतात. पहिलं, परक्यांची मालमत्ता घेताना किती आणि कधी मोबदला द्यायचा यावर जगाचं एकमत नव्हतं. भांडवल बाहेर गुंतवणारे देश एक सांगत होते, कम्युनिस्ट देश दुसरं, आणि नुकते स्वतंत्र झालेले देश तिसरंच. एका देशाच्या कोर्टानं यातली एक बाजू 'जगाचा कायदा' म्हणून जाहीर केली, तर बाकीचे मानतील कशाला?

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. क्युबात मालमत्ता गेलेले अमेरिकन हजारो होते. पण न्यूयॉर्कच्या कोर्टाचा हात पोचत होता तो फक्त न्यूयॉर्कपर्यंत आलेल्या मालावर आणि पैशावर. साखर जहाजावर होती म्हणून हा खटला झाला. ज्याचं घर हवानात, ज्याचा मळा कामागुएत, त्याला हे कोर्ट काय देणार? सगळ्यांचं एकदम मिटवायचं तर सरकारांनीच टेबलावर बसलं पाहिजे. मधेच एखाद्या कोर्टानं एकाला वाचवायचं आणि दुसऱ्या सरकारला चोर ठरवायचं, यानं ती बोलणी बिघडतात.

एकटे न्यायमूर्ती व्हाइट विरोधात होते. त्यांचं म्हणणंही हलकं नाही. कोर्टासमोर आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग मांडलाय, आणि कोर्ट तो न तपासताच भंग करणाऱ्याच्या हातात पैसे देतंय, हे कसलं तटस्थ राहणं? साध्या भाषेत, चोरीचा बैल आमच्या बाजारात आला, मालकानं ओळखला, आणि आम्ही म्हणतोय बैल चोरला त्या गावात जा.

बैलाच्या दाव्याला उत्तर

हा बैलाचा दाखला पटकन पटतो, म्हणून त्याच्याबद्दल थोडं बोलतो. चोर आणि सरकार यांच्यात फरक आहे. सरकारला मालमत्ता घ्यायचा अधिकार असतो. आपणही तो वापरलाय. आपण जमीनदारी घालवली, १९५३ ला विमान कंपन्या घेतल्या, १९६९ ला १४ बँका घेतल्या. आणि परदेशी कंपन्याही घेतल्याच की. मुंबईतली एस्सोची रिफायनरी १९७४ ला सरकारकडं आली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. बर्मा-शेल १९७६ ला आली, ती पुढं भारत पेट्रोलियम झाली. आपण वाटाघाटी करून मोबदला ठरवला, म्हणून तंटा झाला नाही.

पण समजा रकमेवरून वाद झाला असता, आणि मुंबई बंदरातून निघालेलं एखादं जहाज लंडनच्या कोर्टानं अडवलं असतं. आपण काय म्हणालो असतो? "ब्रिटिश गेले तरी त्यांची कोर्टं आमच्यावर राज्य करतायत," हेच ना? हेच १९५० आणि ६० च्या दशकात आशिया-आफ्रिकेतले सगळे नवे देश म्हणत होते. भाव परकी कंपनी ठरवणार, करार गुलामीत असताना झालेले, आणि मोबदल्याचा हिशेबही त्यांच्याच कोर्टात, हे त्यांना मान्य नव्हतं.

त्यामुळं 'घेतलं' एवढ्यावरून चोरी ठरत नाही. प्रश्न मोबदल्याचा उरतो. आणि मोबदला किती, हे ठरवायला एका बाजूचं घरचं कोर्ट ही फार चांगली जागा नाही.

निकाल कुठल्या तारखेला लागतो त्यावर

कोर्टांनी यात उडी घेतली की काय होतं, याची आणखी उदाहरणं बघा.

रशियात क्रांतीनंतर १९१८ ला ल्यूथर नावाच्या कंपनीची लाकडाची फॅक्टरी सरकारजमा झाली. १९२० ला सोव्हिएत प्रतिनिधीनं तिथल्या प्लायवूडच्या फळ्या इंग्लंडमधल्या सेगर कंपनीला विकल्या. ल्यूथर लंडनच्या कोर्टात गेली आणि जिंकली, कारण ब्रिटननं सोव्हिएत सरकारला तोवर मान्यताच दिली नव्हती. अपील चालू असताना ब्रिटननं त्यांना प्रत्यक्ष सत्ताधारी म्हणून मान्यता दिली. परराष्ट्र खात्याचं पत्र कोर्टात आलं आणि १९२१ ला निकाल उलटा झाला. फळ्या त्याच आणि फॅक्टरीही तीच. मधे फक्त एक सरकारी पत्र आलं.

इराणमध्ये मोसादेक सरकारनं १९५१ ला तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटिश कंपनीनं त्या तेलाचा जगभर पाठलाग सुरू केला. ब्रिटन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, तर त्या न्यायालयानं १९५२ ला सांगितलं की हे प्रकरण आमच्या अधिकारात येत नाही. मग 'रोज मेरी' नावाचं तेलवाहू जहाज एडनला आणलं गेलं. तेच एडन, जिथं वासुदेव बळवंत फडके कैदेत वारले. १९५३ ला एडनच्या ब्रिटिश कोर्टानं सांगितलं, मोबदल्याशिवाय घेतलेलं तेल हे कंपनीचंच. त्याच सुमारास इटलीतल्या आणि जपानमधल्या कोर्टांनी तशाच इराणी तेलाबद्दल कंपनीचा दावा फेटाळला. एडनमध्ये ते तेल चोरीचं ठरलं आणि टोकियोत व्यापाराचं. योगायोग म्हणा काही म्हणा, पण एडन ब्रिटिशांचं होतं, आणि इटली-जपानला तेल हवं होतं.

या कोर्टांतले न्यायाधीश खोटारडे होते असं मी म्हणत नाही. प्रत्येकानं प्रामाणिकपणे लिहिलं असेल. पण मालकाला न्याय मिळतो की नाही हे जहाज कुठल्या बंदरात लागलं त्यावर ठरत असेल, तर त्याला कायदा म्हणताना जीभ अडखळते.

अर्नोल्ड बर्नस्टाइन यांची गोष्ट याहून बोचरी आहे. जर्मनीतले ज्यू जहाजमालक. नाझींनी तुरुंगात टाकून त्यांच्याकडून कंपनी लिहून घेतली. सुटून ते अमेरिकेत गेले आणि जहाजांसाठी दावा लावला. १९४७ ला अमेरिकेच्या कोर्टानं हेच तत्त्व सांगून दावा नाकारला. म्हणजे युद्धात हरलेल्या, अस्तित्वातच न उरलेल्या नाझी राजवटीच्या कारभाराची बूज राखली! शेवटी १९४९ ला परराष्ट्र खात्यानं पत्र दिलं की नाझींच्या जबरदस्तीच्या कारवाया तपासायला कोर्टांना मोकळीक आहे. तेव्हा दार उघडलं. पण परराष्ट्र खात्याचं पत्र आलं तर न्याय, नाही आलं तर नाही, हेही मला पटत नाही. १९७२ च्या क्युबाच्याच दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी याच धोक्यावर बोट ठेवलं होतं. अशानं कोर्ट म्हणजे सरकारचा निरोप्या होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख.

म्हणून अपवाद हवा, आणि तो कोर्टानं स्वतः पाळलेला हवा. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं तो बऱ्यापैकी आखून दिलाय. नाझींनी १९४१ च्या फर्मानानं परदेशात गेलेल्या ज्यूंचं नागरिकत्व आणि मालमत्ता काढून घेतली होती. १९७५ ला लॉर्ड्समधल्या न्यायाधीशांनी मत दिलं की इतक्या उघड अन्यायाला कायदा म्हणूनच मोजायचं नाही. १९९० ला सद्दामच्या सैन्यानं कुवेत घेतलं, कुवेत एअरवेजची १० विमानं नेली आणि इराकनं फर्मान काढून ती स्वतःच्या विमान कंपनीला दिली. २००२ ला लॉर्ड्सनं ते फर्मान मानायला नकार दिला. कुवेतवरचं आक्रमण बेकायदा आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं आधीच सांगितलं होतं, त्याबद्दल जगात दुमत नव्हतं.

माझ्या मते रेघ इथंच आहे. जात-धर्म-वंश बघून लुटलं, किंवा शेजाऱ्याच्या घरात घुसून लुटलं, तर कोर्टानं हद्दीचं कारण सांगू नये. मोबदला कमी की जास्त, उशिरा की लवकर, असा वाद असेल तर कोर्टानं थांबावं.

मधेच बदललेला नियम

आता सॅबाटिनोचं पुढं काय झालं ते ऐका. सुप्रीम कोर्टाचा निकाल मार्चमध्ये आला. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या संसदेनं सिनेटर हिकनलूपर यांची दुरुस्ती मंजूर केली. त्यात असं होतं की अशा खटल्यात 'अ‍ॅक्ट ऑफ स्टेट'चं कारण सांगून कोर्टानं निकाल टाळायचा नाही. खालच्या कोर्टात परत आलेल्या याच खटल्याला ती दुरुस्ती लावली गेली आणि क्युबा शेवटी हरला. साखरेचे पैसे क्युबाला मिळाले नाहीत.

कायदा बदलायचा संसदेला अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. पण सामना संपल्यावर नियम बदलून निकाल फिरवायचा, हे कुठल्याच गावच्या मैदानावर चालत नाही. पुढच्या खटल्यांना लावा की. क्युबानं सूडानं कायदा केला म्हणून ओरडणाऱ्यांनी स्वतःही तेच केलं, एवढंच मला म्हणायचंय.

आणि एवढं करून मिळालं काय? एका कंपनीच्या बाजूनं एका जहाजाच्या साखरेचा निकाल. अमेरिकेच्या दावे आयोगानं क्युबाविरुद्धचे ५,९१३ दावे खरे मानले. मूळ रक्कम सुमारे १.९ अब्ज डॉलर, व्याज वेगळं. त्यांचा सरकार पातळीवरचा हिशेब अजून लागलेला नाही. १९९६ ला अमेरिकेनं आणखी एक कायदा केला, घेतलेल्या मालमत्तेचा वापर करणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावा लावायची मुभा देणारा. ते कलम प्रत्येक अध्यक्ष दर सहा महिन्यांनी स्थगित करत राहिला आणि २०१९ ला ट्रम्प यांनी ते लागू केलं. त्यातून खटले सुरू झाले. पण कुणाचे? मोठ्या कंपन्यांचे मोठे खटले. हवानात छोटं दुकान गेलेल्याच्या नातवाला वकिलाची फीसुद्धा परवडणार नाही.

याच्या उलट कॅनडा, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि स्पेन यांनी क्युबाशी बोलणी करून आपापल्या लोकांसाठी ठोक रकमा ठरवून घेतल्या. पूर्ण रक्कम कुणालाच मिळाली नसेल. पण काहीतरी, आणि सगळ्यांना मिळालं. आपल्याकडं धरणग्रस्तांच्या आंदोलनाची बातमी केलेल्या कुणालाही विचारा. एका हुशार माणसाला हायकोर्टातून वाढीव मोबदला मिळाला म्हणून गावाचा प्रश्न सुटत नाही.

आता आपलं बघू

हे सगळं अमेरिकेचं आणि इंग्लंडचं झालं. आपला यात काय संबंध? दोन्ही बाजूंनी आहे.

आपली माणसं मालमत्ता गमावलेल्यांत आहेत. ज्या १९६४ साली सॅबाटिनोचा निकाल लागला, त्याच साली बर्मात लष्करी सरकारनं दुकानं ताब्यात घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेली भारतीय माणसं जवळपास रिकाम्या हातानं परतली. १९७२ ला युगांडात इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली. त्यात गुजराती होते, गोव्याचे होते. त्यांची दुकानं, गिरण्या, घरं सरकारी मंडळाकडं गेली. लंडनच्या किंवा मुंबईच्या कोर्टानं कितीही कडक निकाल दिला असता, तरी कंपालामधलं दुकान उचलून आणता आलं नसतं. ज्यांना काही परत मिळालं, ते युगांडानं १९८२ ला स्वतःच कायदा केला आणि पुढं सरकार बदललं, तेव्हा मिळालं.

आणि आपलं सरकार दुसऱ्या बाजूलाही उभं राहिलंय. केअर्न प्रकरण आठवतंय? २०१२ ला पूर्वलक्षी प्रभावानं कराचा कायदा बदलला, त्यावरून ब्रिटिश कंपनीकडं मागणी लावली, तिचे शेअर विकले. डिसेंबर २०२० ला आंतरराष्ट्रीय लवादानं भारताला १.२ अब्ज डॉलर आणि व्याज द्यायला सांगितलं. पैसे मिळाले नाहीत, तेव्हा कंपनी वेगवेगळ्या देशांच्या कोर्टांत गेली. न्यूयॉर्कमध्ये एअर इंडियावर दावा लावला. जुलै २०२१ ला बातमी आली की पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे २० मालमत्ता गोठवायला फ्रान्सच्या कोर्टानं परवानगी दिली. आपल्याकडं किती संताप झाला होता! "आमच्या इमारतीला हात लावायची हिंमत कशी झाली?"

हे प्रकरण सॅबाटिनोसारखं हुबेहूब नाही, हे खरं. इथं दोन देशांत करार होता, त्या कराराखाली लवाद झाला होता, आणि फ्रान्सच्या कोर्टापुढं प्रश्न वसुलीचा होता. म्हणजे हार्लन जे म्हणाले होते, स्पष्ट करार असेल तर गोष्ट वेगळी, तसंच हे. पण बघा, ऑगस्ट २०२१ ला संसदेनं तो पूर्वलक्षी कर मागं घेतला आणि पुढच्या वर्षी कंपनीला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले. तोडगा शेवटी सरकारनंच काढला. पण कोर्टांचा दबाव नसता तर काढला असता का, हा प्रश्न मला छळतो, आणि 'कोर्टानं थांबावं' म्हणताना मी तो विसरत नाही. म्हणूनच नुसतं 'थांबा' पुरत नाही.

आपल्या कायद्यात काय आहे? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६. परकीय राज्यावर भारतातल्या कोर्टात दावा लावायचा तर केंद्र सरकारची लेखी संमती लागते. म्हणजे उद्या नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराचं परदेशातलं गोदाम तिथल्या सरकारनं घेतलं, आणि त्याला इथं त्या सरकारवर दावा लावायचा असेल, तर आधी दिल्लीचा दरवाजा. त्याच कलमात एक चांगली ओळ आहे. संमती नाकारण्याआधी अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. ही ओळ मला मोलाची वाटते. पण ती तिथंच थांबते. "दावा लावू नकोस, संबंध बिघडतील," असं सांगितल्यावर सरकारनं त्या माणसासाठी पुढं काय करायचं, यावर ते कलम गप्प आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. देशाच्या हितासाठी एखाद्याचा कोर्टाचा रस्ता सरकार बंद करत असेल, तर तो त्याग त्या माणसानं देशासाठी केलाय. त्याची किंमत देशानं ओळखली पाहिजे. त्याचा दावा नोंदवून घ्या. त्या देशाशी बोलणी होतील तेव्हा तो दावा टेबलावर ठेवा. वर्षातून एकदा त्याला कळवा की कुठवर आलंय. आणि मैत्रीखातर सरकारनं दावा सोडूनच दिला, तर त्याची भरपाई सरकारनं करावी. जमीन रस्त्यासाठी घेतली तर मोबदला देता ना? मग हक्क मैत्रीसाठी घेतला तर का नको?

कोर्टानं हात आखडता घेणं मला मान्य आहे. मोठ्या देशाच्या कोर्टांनी लहान देशांच्या कारभारावर पंचगिरी करावी, हे मला नको आहे. पण कोर्टाचा हात मागं गेला आणि सरकारचा पुढं आलाच नाही, तर मधल्या मधे माणूस पडतो. त्या माणसाचं नाव कुठल्याच निकालात नसतं, कारण त्याचा माल जहाजावर नव्हता. त्याचं दुकान होतं, आणि ते तिथंच राहिलं.

पुढच्या वेळी "अमुक देशानं आपल्या कंपनीचं घेतलं" किंवा "तमुक कोर्टानं आपलं जप्त केलं" अशी बातमी आली, की झेंडा काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. मोबदला दिला का? कुणाला बघून घेतलं? आणि मालकाच्या सरकारनं त्याच्यासाठी काय केलं? पहिले दोन प्रश्न आपण विचारतो. तिसरा विचारत नाही, आणि दिल्ली असो की वॉशिंग्टन, सरकारं त्यावरच निभावून नेतात.

मत पटलं नाही तरी चालेल, कमेंटमध्ये मुद्द्यावर बोला. वकील मंडळींनी जरूर लिहावं. आणि आपल्या भागातल्या कुणाच्या घरात बर्मा किंवा आफ्रिकेतून परत आलेलं माणूस असेल, तर त्यांच्या दुकानाचं पुढं काय झालं ते ऐकायला मला आवडेल.